सुबह-ए-काजिब कुठे गेली?

रमजान जवळ आला की आमच्या शाळेत मुलांना दोन पहाटांचा फरक समजावून सांगावा लागतो. पहिली सुबह-ए-काजिब, म्हणजे खोटी पहाट, आणि दुसरी सुबह-ए-सादिक, म्हणजे खरी पहाट. खोट्या पहाटेत पूर्वेला एक उभा, वर निमुळता होत गेलेला पुसट उजेड दिसतो. खऱ्या पहाटेत क्षितिजाच्या कडेने आडवा उजेड पसरतो आणि मग वाढतच जातो. सहरी बंद करायची ती खऱ्या पहाटेला. खोट्या पहाटेने फसायचे नाही. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. अडचण एवढीच आहे की राबोडी, मुंब्रा, कौसा, कल्याण या टापूत वाढलेल्या मुलाने सुबह-ए-काजिब कधी पाहिलेलीच नसते. त्याच्या बापानेही बहुधा पाहिलेली नसते. जी पहाट कोणाला दिसतच नाही तिने फसणार तरी कोण?

कुरआनात सूरह बकरामध्ये रोजाची वेळ सांगताना पांढऱ्या धाग्याचा आणि काळ्या धाग्याचा उल्लेख येतो. एका सहाबींनी तो शब्दशः घेतला, उशीखाली दोन रंगांचे धागे ठेवले आणि रात्रभर ते पाहत राहिले, हा किस्सा मकतबात शिकलेल्या सर्वांना ठाऊक आहे. धागा म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड, असा खुलासा मग त्यांना मिळाला. दीनची ही व्यवस्था उघड्या आकाशावर बेतलेली आहे. वाळवंटातल्या उंटवाल्यापासून कोकणातल्या खलाशापर्यंत कोणीही मान वर करावी आणि वेळ ओळखावी, अशी तिची सोय होती. आज आम्ही भिंतीवरचा तक्ता पाहतो किंवा मोबाईल पाहतो. तक्ता चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तो तक्ता ज्या आकाशावरून तयार झाला, ते आकाश ठाणे-कल्याणच्या डोक्यावरून कसे आणि केव्हा नाहीसे झाले, हे इतिहास म्हणून लिहून ठेवण्यासारखे आहे.

सुबह-ए-काजिब ही कविकल्पना नव्हे. सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीत अतिशय बारीक धूळ पसरलेली आहे. तिच्यावर पडलेला सूर्यप्रकाश आपल्याकडे परततो आणि पहाटेआधी पूर्वेला उजेडाचा एक त्रिकोण उभा राहतो. युरोपात या उजेडाचा शास्त्रीय अभ्यास कॅसिनी या ज्योतिर्विदाने १६८३ मध्ये सुरू केला. अरबांनी त्याला फार आधीच नाव दिले होते, ‘जनब-उस-सिरहान’, म्हणजे लांडग्याचे शेपूट. खरी पहाट केव्हा होते याचेही गणित मुसलमान खगोलवेत्त्यांनी मांडले. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहिला उजेड फुटतो, याची त्यांची उत्तरे १७ ते १९ अंशांच्या दरम्यान आहेत आणि अल-बिरूनीसारखा माणूस त्यात होता. आज मशिदीत टांगलेल्या वेळापत्रकांत १८ अंश धरले जातात. आधुनिक शास्त्रही रात्र संपण्याची हीच मर्यादा मानते. अंशांवरून उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते त्यांनीच सोडवावेत. मात्र वाद मिटवायला पूर्वी एक साधा उपाय होता, बाहेर जाऊन पाहण्याचा. तो आपल्या हातून गेला.

संध्याकाळचेही तसेच झाले. इशाची वेळ शफक मावळल्यावर सुरू होते. इमाम अबू हनीफा यांच्या मते शफक म्हणजे लाली गेल्यावर उरणारा पांढरा उजेड. त्यांचे शागीर्द इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, तसेच इमाम शाफई, लालीलाच शफक मानतात. आपल्या भागात या मतभेदाला जिवंत अर्थ आहे. कल्याणचे कोकणी मुसलमान शाफई आणि दख्खन किंवा उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. दोघे एकाच गल्लीत राहतात. आता घोडबंदर रोडवर उभे राहून कोणी पांढरा उजेड मावळायची वाट पाहू लागला, तर त्याची इशा कधी सुरूच होणार नाही. तिथे पांढरा उजेड रात्रभर असतो.

कल्याण हे तारे पाहणाऱ्यांचे गाव होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘कल्लिएना’ या नावाने हे बंदर येते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे शिलालेख आहेत. अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे जाणारी गलबते या किनाऱ्यावरून सुटत. मोसमी वाऱ्यावर शीड आणि ध्रुवताऱ्यावर डोळा, असा तो कारभार होता. अरब खलाशी ‘कमाल’ नावाचे साधन वापरत. लाकडाची एक लहान फळी आणि तिला गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि ध्रुव किती बोटे वर आहे ते मोजायचे. पंधराव्या शतकात इब्ने माजिदने हे सारे ज्ञान ग्रंथात उतरवले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. पुढे त्या आरमारात दौलतखानासारखे मुसलमान सरदार होते. हे सर्व लोक रात्री वाचता येणाऱ्या आकाशाखाली काम करत होते.

त्या आकाशातली निम्मी नावे आपलीच आहेत. मराठीत जी रोहिणी तिला जग ‘अल्देबरान’ म्हणते. मूळ अरबी शब्द अद-दबरान, म्हणजे मागून येणारा, कारण तो सुरैयाच्या मागून उगवतो. सुरैया म्हणजे मराठीतल्या कृत्तिका. अभिजित म्हणजे ‘व्हेगा’, अरबीत अल-वाकिअ. श्रवण म्हणजे ‘अल्टेर’, अरबीत अत-ताइर. मृगातला ‘रायगेल’ म्हणजे रिज्ल, पाय. सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी याने ताऱ्यांचा जो ग्रंथ लिहिला, त्यात देवयानी दीर्घिकेची नोंद ‘लहानसा ढग’ अशी आहे. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दुसऱ्या दीर्घिकेची ही पहिली लेखी नोंद. अस-सूफीजवळ दुर्बीण नव्हती. त्याच्याजवळ काळोख होता. आमच्या वर्गात सुरैया नावाच्या मुली दरवर्षी एक-दोन असतात. आपल्या नावाचे तारे आकाशात आहेत हे त्यांना सांगितले की त्या हसतात. पण ते दाखवायचे म्हटले की पंचाईत होते.

आता दिव्यांकडे वळू. कोकणात रात्रीचा दिवा म्हणजे करंजाचे किंवा उंडीचे कडू तेल. सणासुदीला खोबरेल. वात एक बोटभर आणि उजेड चटईपुरता. झोपण्यापूर्वी दिवा विझवावा अशी हदीसमध्ये ताकीद आहे आणि तिचे कारणही तिथेच दिलेले आहे. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जळते. काही उत्साही वक्ते हल्ली या हदीसमध्ये मेलाटोनिनचे शास्त्र शोधून दाखवतात. आम्हाला ते योग्य वाटत नाही. जे कारण सांगितले आहे ते पुरेसे शहाणपणाचे आहे, त्यावर आपले कलम कशाला?

मग रॉकेल आले. चिमणी, कंदील आणि लग्नाकार्यात डोक्यावरून मिरवली जाणारी गॅसबत्ती. सातारा जिल्ह्यातल्या ओगलेवाडीचे ‘प्रभाकर’ कंदील मराठी मुलखात घरोघर पोचले. नगरपालिकांनी खांबांवर रॉकेलचे दिवे लावले. सायंकाळी शिडी खांद्यावर घेतलेला माणूस यायचा, काच पुसायचा, तेल घालायचा. ठाण्याला नगरपालिका झाली १८६३ मध्ये, मुंबईहून ठाण्याला आगगाडी आल्यानंतर दहा वर्षांनी. त्या काळी अनेक नगरपालिका चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावतच नसत. तेवढीच तेलाची काटकसर. चंद्र हा नगरपालिकेचा बिनपगारी नोकर होता.

चांदण्यावर लोकांचे व्यवहार कसे बेतलेले होते याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजी मलंगांचा उरूस माघ पौर्णिमेला भरतो. इतर बहुतेक दर्ग्यांचे उरूस हिजरी तारखेने होतात, इथे पौर्णिमा. त्यामागे परंपरेची कारणे असतील. पण हजारो माणसांना बायकामुलांसह डोंगर चढायचा असेल तर पुऱ्या चंद्राची रात्र सोयीची पडते, एवढा तर्क करायला हरकत नाही.

मुंबईत मात्र गोष्टी वेगाने बदलत होत्या. ऑक्टोबर १८६५ मध्ये शहरात गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार हे पहिले भाग. भेंडीबाजाराचे नाव इथे वाचून आम्हाला दर वेळी बरे वाटते. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली. कल्याण-डोंबिवलीच्या वाट्याला या इतिहासाचा एक मोठा तुकडा आला आहे, ज्याची आठवण आता फार थोड्यांना आहे. ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस. १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली, आणि विजेचे रूळ कल्याणच्या पुढे घाटाकडे नेण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने उल्हास नदीच्या काठी कोळशावर चालणारे हे वीजघर १९२९ मध्ये उभे केले. त्याची वीज गाड्यांसाठी होती, घरांसाठी नव्हती. आसपासच्या गावांत कंदीलच होते. दिव्याखाली अंधार ही म्हण इतकी शब्दशः खरी क्वचितच होते.

काळोख परत आला तो युद्धाच्या वेळी. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत दिवे झाकले गेले. १९६५ आणि १९७१ मध्येही ब्लॅकआऊट झाला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला. त्या पिढीतल्या लोकांना भोंग्याची भीती आठवते, आणि बरेच जण पुढे पुस्ती जोडतात की तारे मात्र खूप दिसायचे. आमच्या पिढीचा ब्लॅकआऊट म्हणजे लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षे मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली इथल्या कुणालाही ती सांगायला नकोत. मुंबई शहर झगमगत असे आणि खाडीच्या या बाजूला तासन्‌तास वीज नसे. दहावीच्या वह्या मेणबत्तीवर लिहिल्या गेल्या. त्या अन्यायाचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण गच्चीवर चटया टाकून पडलेल्या मुलांना त्या तासाभरात मृग, सुरैया आणि विंचू दिसले, हेही खरे आहे.

मग दिवे बदलले. पिवळ्या सोडियम दिव्यांची जागा पांढऱ्या एलईडीने घेतली. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले, कारण त्या निळ्यातूनच पांढरा उजेड स्वस्तात तयार होऊ लागला. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने एलईडीची योजना सुरू केली आणि देशभरात सव्वा कोटीहून अधिक रस्त्यावरचे दिवे बदलले गेले. वीज वाचली, त्याबद्दल तक्रार नाही. पण उजेड स्वस्त झाला की माणूस तो जास्त वापरतो. जिथे एक दिवा होता तिथे तीन आले. पूल, कमानी, दुभाजक, तलावाचे काठ, इमारतींचे माथे उजळले. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या घरात होती, आणि वस्ती त्यानंतरही वाढतच गेली.

यात शास्त्राचा एक मुद्दा आहे. वर गेलेला उजेड हवेतल्या कणांवर आणि धुळीवर आदळून विखुरतो आणि आकाशालाच रंग देतो. निळा उजेड पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतो, म्हणून तर दिवसाचे आकाश निळे. त्यामुळे सोडियम काढून निळसर पांढरा दिवा लावला की तेवढ्याच उजेडात आकाश जास्त उजळते. उपग्रहांना हा निळा भाग नीट दिसत नाही, पण माणसांना जाणवतो. जगभरच्या हौशी लोकांनी मोजलेल्या ताऱ्यांवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढले की २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले. त्याचा अर्थ संशोधकांनी फार सोपा करून सांगितला. ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत १०० दिसतील. त्याआधी २०१६ च्या जागतिक नकाशात जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसे प्रकाशाने मळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशांहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही, असे आढळले होते. मुंबई-ठाण्याचे आकाशदर्शनाचे हौशी लोक रात्र काढायला बदलापूरच्या पुढे वांगणीला जात, कारण तिथे अंधार होता. आता बदलापूरच वांगणीला जाऊन भिडू लागले आहे.

ईदच्या चंद्राबद्दल इथेच सांगून टाकू, कारण हा प्रश्न हमखास विचारला जातो. एलईडीमुळे चंद्र दिसत नाही का? बहुधा तसे नाही. पहिला चंद्र मगरिबच्या संधिप्रकाशातच शोधावा लागतो, आणि त्या वेळी आकाशात दिव्यांपेक्षा सूर्याचाच उजेड जास्त असतो. चंद्र झाकला जातो तो क्षितिजावरच्या धूळ-धुराने आणि उंच इमारतींनी. प्रदूषण तेही आहे, पण जात वेगळी. प्रत्येक दुखण्याचे खापर एकाच डोक्यावर फोडू नये.

मुक्या जिवांचे नुकसान मात्र स्पष्ट आहे. दिव्याभोवती घिरट्या घालून किडे मरतात हे सगळ्यांनी पाहिले आहे. काजवा तर उजेडाच्या खुणांनीच जोडीदार शोधतो, दिव्याच्या झोतात त्याची खूण हरवते. रत्नागिरीच्या वेळासला वाळूतून निघालेली कासवांची पिल्ले समुद्राच्या उजळ रेषेकडे धावतात, आणि मागे वस्तीचे दिवे असतील तर उलट्या दिशेला जातात. म्हणून तिथे अंधाराची काळजी घ्यावी लागते. झाडांनाही रात्र कळते. १९३६ मध्येच न्यूयॉर्कच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते की रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या फांद्यांची पाने उशिरा गळतात. आपल्याकडे झाडांच्या खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची फॅशन आली. मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदरमधल्या या रोषणाईविरुद्ध ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने जनहित याचिका केली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकांना नोटिसा काढल्या. झाडांचे संरक्षण करणारा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. तो लिहिणाऱ्यांना झाडाला वायर गुंडाळून त्याची झोप उडवता येईल हे सुचलेही नसेल.

ठाण्याची स्थिती नाजूक आहे, कारण शहराच्या एका कुशीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसऱ्या कुशीला खाडी. येऊरच्या डोंगरावर बंगले, हॉटेले आणि रात्री खेळण्याची मैदाने झाली. त्यांच्या झोतांबद्दल तिथले आदिवासी आणि निसर्गप्रेमी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. बिबट्या, घुबड, वटवाघूळ यांचा दिवस रात्री सुरू होतो, आणि त्यांच्या दिवसालाच आपण कुलूप घातले. खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. रोहित पक्षी रात्रीही उडतात, रात्रीही चरतात. त्यांच्या चिखलाच्या चारही बाजूंनी आता पूल, रस्ते आणि मनोरे उजळलेले आहेत.

माणसाच्या प्रकृतीचे काय? इथे सांभाळून लिहिले पाहिजे, कारण मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी या विषयाचा चोथा केला आहे. पक्के ठाऊक आहे ते असे. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. तीव्र उजेडाने ते दबते, हे १९८० मध्ये माणसांवर सिद्ध झाले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यात अशा पेशी सापडल्या ज्या चित्र पाहण्यासाठी नसून दिवस-रात्र ओळखण्यासाठी आहेत, आणि त्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त जाग्या होतात. शरीरातल्या या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले. कर्करोगाबाबत बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ वर्गात ठेवले. लक्षात घ्यावे, हा निष्कर्ष रातपाळीबद्दल आहे. खिडकीबाहेरच्या दिव्याने कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. बाहेरचा उजेड आणि झोपेच्या तक्रारी यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण गजबज, गरिबी, धूर हेही त्याच वस्त्यांत असते. ते वेगळे काढणे कठीण आहे.

पण रातपाळी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे भिवंडी येते. तिथले यंत्रमाग रात्रंदिवस चालतात, आणि त्यावर उभ्या असलेल्या कामगारांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत हे सांगायला आकडेवारी नको. ट्यूबलाइटखाली रात्र काढायची, दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचे, पुढच्या आठवड्यात उलटे. ज्या धोक्याला तज्ज्ञांनी वर्ग ठरवून दिला आहे तो ताऱ्यांच्या हौशी लोकांपुढे नसून या मागवाल्यापुढे आहे. प्रकाश प्रदूषणावरच्या मराठी लेखांत तो कधी दिसत नाही. तिथे आकाशगंगा असते आणि काजवे असतात.

आणि एका खोलीच्या घरातली मुले. समोरच्या खांबावरचा दिवा बरोबर खिडकीच्या उंचीला, पडदा लावला तर वारा बंद. आत दहा बाय दहाच्या खोलीत कोणाचा तरी मोबाईल चालू. पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलांना घरच्या रात्रीबद्दल विचारले की हे चित्र दर वर्षी ऐकायला मिळते. त्यात रस्त्याच्या दिव्याचा वाटा किती आणि मोबाईलचा किती, हे आम्ही ठरवू शकत नाही. मोबाईलचा जास्त असावा.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आमच्या वस्तीतल्या बायका घेतात. वर्षानुवर्षे अर्ज करून गल्लीत दिवे आले. आता क्लासवरून मुलगी नऊ वाजता एकटी परत येते. तुम्ही म्हणता दिवे कमी करा? आम्ही तसे म्हणत नाही. ज्यांना उजेड सर्वांत शेवटी मिळाला त्यांनी तो सर्वांत आधी सोडावा, हा कुठला न्याय? मुद्दा दिव्याच्या तोंडाचा आहे. रस्त्यासाठी लावलेल्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा. त्याला वरून टोपण असावे, रंग पिवळसर असावा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने ३००० केल्विनपेक्षा जास्त निळसर रस्त्यावरचे दिवे टाळा असा सल्ला दिला, तो याचसाठी. डोळ्यांत झोत मारणारा दिवा सुरक्षिततेच्या कामाचाही नसतो. त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसत नाही.

खरी उधळपट्टी गल्लीत नाही. ती जाहिरातींच्या फलकांवर, मॉलच्या भिंतींवर आणि रात्री एकला कोणीही नसलेल्या मैदानांवर आहे. आणि आपल्या घरचेही पाहिले पाहिजे. रबीउल अव्वलमध्ये मोहल्ल्यांत जी रोषणाई होते ती दरवर्षी वाढते. एका गल्लीची कमान दुसरीपेक्षा उंच, एकाची लेझर तर दुसऱ्याची त्याहून मोठी. गणपती आणि नवरात्रातही हेच चालते म्हणून आपलेही माफ, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. मस्जिद-ए-नबवीत दिवे लावण्याची सुरुवात तमीम दारी यांनी केली अशी रिवायत आहे. त्याआधी खजुराच्या फांद्या पेटवून उजेड केला जाई. तो दिवा नमाज्यांना वाट दिसावी म्हणून होता.

आवाजासाठी आपल्या देशात २००० पासून नियम आहेत, उजेडासाठी तसा कायदा नाही. स्लोव्हेनियाने २००७ मध्ये केला. फ्रान्सने २०१३ मध्ये दुकाने आणि कचेऱ्यांचे दिवे उशिरा रात्री बंद करायला लावले आणि २०१८ मध्ये नियम अधिक कडक केले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्याच्या झोतांविरुद्ध एका रहिवाशाने तक्रार केली आणि २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी ते झोत काढायला लावले, असे एखादे उदाहरण. आणि महाराष्ट्रातच जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ हे प्रमाणपत्र मिळाले. त्यासाठी सिल्लारीसारख्या आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे काढून खाली तोंड असलेले दिवे लावावे लागले. गावे अंधारात गेली नाहीत. ठाणे पालिकेला किंवा कल्याण-डोंबिवलीला हे अशक्य आहे असे कोणी अभियंता म्हणणार नाही. त्यांनी नव्या निविदेत दोन ओळी घातल्या तरी सुरुवात होते.

सुबह-ए-काजिब पाहायची असेल तर मुरबाडपर्यंत जाऊन भागणार नाही. तिथे पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येते. माळशेज घाट चढून जुन्नरच्या बाजूला उतरावे. सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर, पावसाने धुतलेले आकाश, अमावास्येच्या जवळची रात्र. सूर्योदयाच्या पावणेदोन तास आधी पूर्वेकडे तोंड करून बसावे. मोबाईल खिशात ठेवावा, डोळ्यांना अंधार ओळखायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. क्षितिजापासून वर चढत गेलेला, थोडा कललेला, दुधाच्या सायीसारखा त्रिकोण दिसला तर ते लांडग्याचे शेपूट. त्यानंतर थोड्याच वेळात पूर्वेच्या कडेला आडवा पांढरा धागा उलगडू लागतो.